तेराव्या बाबीत काय लिहिलंय?

शाळेत रसग्रहणाला कविता मिळते. कवीचं नाव, संग्रहाचं नाव, मग आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं, अशी पायरीपायरीने मांडणी करायची. इथे घेतलेल्या मजकुराला कवी नाही. तो समित्यांनी ठरवला, सरकारांनी छापला, आणि ज्याच्या खिशात तो असतो तोसुद्धा त्याकडे मुदतीची तारीख पाहण्यापुरताच बघतो. हा मजकूर म्हणजे वैमानिकाचं लायसन्स. लांबी एखाद्या छोट्या कवितेएवढी, आणि शोभेचा शब्द औषधालाही नाही.

पाटणच्या वाचकाला हा विषय परका वाटायचं कारण नाही. कराडहून पाटणकडे निघालं की विजयनगरला विमानाची धावपट्टी आहे. १९५५च्या सुमारास ती बांधली गेली ती कोयना धरणाच्या कामासाठी. आणि मुंबईत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव मूळचे याच तालुक्यातले. त्यांच्या कागदांकडे पुढे येऊच. आधी मूळ पाठ.

डिसेंबर १९४४मध्ये शिकागोला आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीचा करार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या आयकाओ या संघटनेने कराराला जी परिशिष्टं जोडली, त्यातलं पहिलं परिशिष्ट माणसांच्या लायसन्सबद्दल आहे. विमानतळ, नकाशे, हवामान, अपघातांची चौकशी हे सगळं त्यानंतर. लायसन्सवर काय काय असावं याच्या चौदा बाबी तिथे रोमन अंकांत दिलेल्या आहेत. कुठल्याही देशाचं लायसन्स असो, बाराव्या अंकापाशी रेटिंगच सापडणार आणि तेराव्यापाशी शेरेच. भाषा न कळणाऱ्या अधिकाऱ्यालाही नुसत्या अंकावरून जागा सापडावी, ही त्यामागची सोय.

या चौदा बाबींचा क्रम पाहण्यासारखा आहे. पहिली बाब देशाचं नाव, ठळक अक्षरांत. दुसरी लायसन्सचं नाव, त्याहून ठळक. तिसरी अनुक्रमांक. माणूस येतो चौथ्या बाबीत. त्याचा पत्ता पाचवीत, तोही देशाला वाटलं तरच. सहावीत नागरिकत्व, सातवीत त्याची सही. पुढे अधिकार कुणी दिला, तो कुठवर वैध, देणाऱ्याची सही आणि तारीख, शिक्का. मग बारावीत रेटिंग, तेरावीत शेरे, आणि चौदावी 'इतर तपशील' म्हणून मोकळी. प्रशस्तिपत्रात माणूस आधी येतो आणि त्याचे गुण मागून. इथे आधी देश उभा राहतो, मग अधिकाराचा प्रकार, आणि तो अधिकार कुणाच्या हाती दिला हे त्यानंतर.

आणखी एक बारकावा. एखाद्या देशाने आपल्या भाषेत लायसन्स छापलं, तर त्यातल्या निदान सात बाबींचं इंग्रजी भाषांतर हवंच: देश, लायसन्सचा प्रकार, नागरिकत्व, वैधता, रेटिंग, शेरे आणि इतर तपशील. पत्त्याचं भाषांतर लागत नाही, शिक्क्याचंही नाही. परक्या आकाशात या माणसाबद्दल काय कळलंच पाहिजे आणि काय नाही कळलं तरी चालेल, हे नियम लिहिणाऱ्यांनी इतकं नेमकं ठरवलं आहे. संपादकाची कात्री म्हणतात ती अशी असते.

आता दुसरी बाब. भारतात विद्यार्थी वैमानिकाचं लायसन्स वयाच्या सोळाव्या वर्षी मिळू शकतं, खासगी वैमानिकाचं सतराव्या, व्यावसायिक अठराव्या, आणि एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलटचं एकविसाव्या वर्षी. खासगीसाठी किमान ४० तासांचं उड्डाण लागतं, व्यावसायिकसाठी २००, एअरलाइनसाठी १,५००. एवढंच वाचलं तर ही शाळेतल्या इयत्तांसारखी चढती भाजणी वाटते. नीट वाचलं की दिसतं, प्रत्येक पायरी वेगळ्याच गोष्टीची परवानगी देते. विद्यार्थ्याचं लायसन्स शिकण्याची परवानगी देतं. प्रवासी बसवण्याची नाही. खासगी लायसन्सवर घरच्या माणसांना, मित्रांना घेऊन उडता येतं, मात्र त्याचा मोबदला घेता येत नाही. व्यावसायिक लायसन्स मोबदल्याचं दार उघडतं. एअरलाइनचं लायसन्स मोठ्या, दोन वैमानिकांच्या विमानात प्रमुखाच्या खुर्चीवर बसण्याचा हक्क देतं. तिथे उजवीकडे बसणारा तरुण सहवैमानिक बहुधा व्यावसायिक लायसन्सवरच काम करत असतो.

तासांचे आकडेही कोरडे नाहीत. व्यावसायिकच्या २०० तासांत निदान १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःवर असलेले हवेत. त्यात एक प्रवास ३०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरचा, आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरलेला. रात्रीचे पाच तास वेगळे, त्यात दहा उड्डाणं आणि दहा उतरणी. म्हणजे दोनशेचा आकडा नुसती बेरीज नाही. एकट्याने निर्णय घेणं, अनोळखी धावपट्टी ओळखणं, अंधारात जमिनीचा अंदाज घेणं, हे सुटे सुटे अनुभव त्यात ठरवून पेरलेले आहेत.

बारावी बाब या मजकुराचा गाभा. लायसन्स म्हणतं, हा वैमानिक आहे. रेटिंग विचारतं, कशाचा? एका इंजिनाच्या विमानाचा की दोन? कुठल्या जातीच्या विमानाचा? नुसत्या डोळ्यांनी बघून उडवणारा, की ढगात यंत्रांवर भिस्त ठेवून? दुसऱ्याला शिकवू शकतो का? साधी, एका वैमानिकाची छोटी विमानं वर्गवार मोजली जातात. दोन वैमानिक लागणाऱ्या विमानासाठी मात्र त्या त्या जातीचं वेगळं टाइप रेटिंग घ्यावं लागतं.

टाइप रेटिंगमधून एखाद्याचं चरित्रही वाचता येतं. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांचं घ्या. १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या फोकर फ्रेंडशिप विमानाने कोलकाता ते सिलचर असं उड्डाण केलं, तेव्हा प्रमुख त्या होत्या आणि सोबत निवेदिता भसीन. सगळ्या महिला कर्मचाऱ्यांचं इंडियन एअरलाइन्सचं ते पहिलं उड्डाण. पुढे बोइंग ७३७ची आणि त्यानंतर एअरबस ए-३२०ची कमांडही इंडियन एअरलाइन्समध्ये महिलांपैकी त्यांनीच प्रथम घेतली. वर्तमानपत्रात या प्रवासाला 'पहिली महिला' असं एकच विशेषण तीनदा लावलं जातं. रेटिंगच्या यादीत तोच प्रवास तीन वेगळ्या यंत्रांचा होतो: पंख्याची दोन इंजिनं, मग जेट, मग संगणकामार्फत चालणारं, समोरच्या दांड्याऐवजी बाजूच्या छोट्या दांड्याने हाकायचं विमान. दर वेळी पुन्हा वर्गात बसायचं, सिम्युलेटरमध्ये घाम गाळायचा, पुन्हा परीक्षा द्यायची. आधीच्या यंत्रावरची प्रतिष्ठा पुढच्या यंत्रावर आपोआप चालत येत नाही. यादीत 'पहिली'ला जागा नाही, आणि म्हणूनच ती यादी त्यांच्या कर्तृत्वाबद्दल मथळ्यापेक्षा जास्त सांगते.

इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा अर्थ पाटणकराला पावसाळ्यात घराच्या अंगणातून कळू शकतो. आषाढात कोयनेच्या खोऱ्यात ढग डोंगरांच्या कमरेपर्यंत उतरतात. वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या सकाळी असतात आणि दुपारी नसतात. अशा ढगात शिरलेल्या माणसाला वर-खाली कळेनासं होतं. कारण आपला तोल आतल्या कानातल्या द्रवावर चालतो, आणि विमान सावकाश, एकसारखं वळत राहिलं की तो द्रव स्थिर होऊन 'आपण सरळच चाललोय' असं सांगतो. शरीर छातीठोकपणे खोटं बोलतं. इन्स्ट्रुमेंट रेटिंग म्हणजे त्या खोट्याकडे दुर्लक्ष करून समोरच्या तबकड्यांवर विश्वास ठेवायचा सराव. त्यासाठी ४० तास लागतात; त्यातले २० पर्यंत सिम्युलेटरवर चालतात. विमान तेच, माणूस तोच, हातही तेच. पण बाराव्या बाबीत हे दोन शब्द नसतील तर कुंभार्ली घाटावर ढग दिसताच त्याने मागे फिरायचं. हा मजकूर त्याला भित्रा ठरवत नाही, आणि रेटिंग असणाऱ्याला शूरही म्हणत नाही.

आता तेरावी बाब, शेऱ्यांची. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला ही बाब समजावून सांगावी लागत नाही. सातबारा हातात आला की जाणता माणूस नावावरून नजर फिरवून थेट 'इतर हक्कां'त जातो. बोजा कुणाचा, कूळ आहे का, विहिरीत हिस्सा किती, संपादनाचा शिक्का पडलाय का. जमीन कुणाची हे नाव सांगतं. त्या जमिनीचं काय करता येईल हे इतर हक्क सांगतात, आणि प्रत्येक नोंदीमागे फेरफाराचा क्रमांक असतो. तेरावी बाब नेमकी तशी आहे. तिथे मर्यादा लिहिल्या जातात आणि जादा अधिकारही. चष्मा लावूनच उडायचं, ही नोंद बंधनाची. इंग्रजीची अमुक पातळी, ही नोंद मोकळिकीची. दोन्ही एकाच रकान्यात, एकाच सुरात.

या रकान्याचं मूळ शिकागो कराराच्या एकोणचाळिसाव्या कलमात आहे. एखाद्या वैमानिकाकडून आंतरराष्ट्रीय अटी पूर्णपणे पाळल्या जात नसतील, तर तो कुठे कुठे कमी पडतो याची संपूर्ण यादी त्याच्या लायसन्सवर लिहावी किंवा सोबत जोडावी, असं ते कलम सांगतं. त्याच्या पुढचं कलम म्हणतं, अशी नोंद असलेल्याने दुसऱ्या देशात उडायचं तर त्या देशाची परवानगी घ्यावी. उणीव लपवायची नाही, आणि उणीव आहे म्हणून माणसाला सरसकट बादही करायचं नाही. ती लिहायची, सोबत न्यायची, आणि समोरच्याला वाचू द्यायची. नोकरीच्या अर्जात, लग्नाच्या बायोडेट्यात ही रीत आपण अजून उचललेली नाही.

इंग्रजीच्या नोंदीवर मराठी वाचकाने जरा थांबावं. आंतरराष्ट्रीय उड्डाणाला सहापैकी चौथी पातळी किमान लागते. तपासतात सहा गोष्टी: उच्चार, वाक्यरचना, शब्दसंपत्ती, ओघ, आकलन आणि संवाद. अंतिम पातळी सहांची सरासरी काढून ठरत नाही. सहांत जी सर्वांत कमी तीच तुमची पातळी. भरपूर शब्द येतात पण समोरच्याचं बोलणं कळत नाही, तर शब्दांचे गुण कामी येत नाहीत. मात्र उच्चारावर मातृभाषेची छाप असायला मनाई नाही. समजण्यात तिचा अडथळा होऊ नये, एवढंच. म्हणजे ढेबेवाडीच्या मुलाने रेडिओवर पाटणी हेल काढून बोललेलं चालतं. त्याने नियंत्रकाचं वाक्य नीट ऐकून तेच परत म्हणून दाखवलं, की काम झालं. शिवाय चौथी पातळी दर तीन वर्षांनी पुन्हा सिद्ध करावी लागते, पाचवी दर सहा वर्षांनी. सहावीला पुन्हा परीक्षा नाही.

अमेरिकेत एंडोर्समेंटची दुसरीच परंपरा आहे, आणि शिकायला तिकडे गेलेली मराठी मुलं ती चांगली ओळखतात. तिथे प्रशिक्षक विद्यार्थ्याच्या लॉगबुकातच नोंद करतो, सही करतो, स्वतःचा क्रमांक लिहितो. शेपटीखाली चाक असलेलं विमान, २०० अश्वशक्तीहून मोठ्या इंजिनाचं विमान, चाकं आत घेणारं विमान, प्रत्येकाची वेगळी नोंद. यातली सर्वांत महत्त्वाची पहिल्या एकट्या उड्डाणाची. या विद्यार्थ्याला मी शिकवलं आहे, तपासलं आहे, आणि अमुक जातीच्या विमानात एकट्याने उडायला तो तयार आहे, असा तिचा आशय. मुदत ९० दिवस. एका माणसाने दुसऱ्याबद्दल जबाबदारीने केलेलं इतकं छोटं, इतकं जोखमीचं विधान दुसऱ्या कुठल्या दस्तऐवजात सहसा सापडत नाही. सही करणारा धावपट्टीच्या कडेला उभा राहतो, आणि ज्याच्याबद्दल सही केली तो हवेत असतो.

काळाचा वापर हे या मजकुराचं शैलीवैशिष्ट्य. भारतात व्यावसायिक लायसन्सची मुदत २०२३ मध्ये पाचावरून दहा वर्षांवर नेली. त्याच्या आत चाळिशीखालच्या वैमानिकाचं मेडिकल बारा महिन्यांचं. इन्स्ट्रुमेंट रेटिंग वर्षाचं. त्याच्याही आत, प्रवासी घेऊन उडायचं तर मागच्या ९० दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन उतरणी. दहा वर्षांच्या पोटात वर्ष, वर्षाच्या पोटात तीन महिने. शाळेचा दाखला, पदवी, पुरस्कार हे सगळे भूतकाळावर शिक्का मारतात. तुम्ही अमुक साली केलं, ते कायमचं झालं. वैमानिकाचा कागद त्याला पुन्हा पुन्हा वर्तमानात ओढून आणतो. वीस हजार तास उडालेला कॅप्टनही चार महिने घरी बसला, तर त्या एका अटीपुरता नवशिक्याच्या रांगेत येतो.

जुन्या आवृत्तीशी तुलना केल्याशिवाय पाठाचा अभ्यास पुरा होत नाही. १० फेब्रुवारी १९२९ रोजी एअरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्माने जे. आर. डी. टाटांना प्रमाणपत्र दिलं. क्रमांक १. शिकले ते जुहूला, बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये. तीन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ला, ते कराचीहून टपाल घेऊन त्याच जुहूला उतरले. त्या काळी युरोपातल्या क्लबांच्या प्रमाणपत्रांवर एक विनंती असे: नागरी, लष्करी अधिकाऱ्यांनी आणि पोलिसांनी धारकाला साहाय्य करावं. तीही अनेक भाषांत. तेव्हा वैमानिक कुणाच्या शेतात उतरेल याचा नेम नव्हता, म्हणून कागद जगाकडे त्याच्यासाठी रदबदली करत असे. आजचा कागद जगाला काही मागत नाही. जे मागायचं ते धारकाकडे मागतो. क्लबाचा स्नेह गेला आणि कार्यालयाचा काटेकोरपणा आला. ऊब कमी झाली हे खरं, पण मागच्या सीटवर बसणाऱ्याचं भलं या बदलातच झालं.

आता अमोल यादव. जेट एअरवेजमध्ये वैमानिक असताना त्यांनी कांदिवलीत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते बांद्रा-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं गेलं आणि लोकांनी गर्दी केली. उडवणाऱ्याचे कागद पुरे होते, विमानाचे नव्हते. शिकागो कराराचं एकोणतिसावं कलम विमानात बाळगायच्या कागदांची यादी देतं. विमानाच्या नोंदणीचा दाखला, उड्डाणयोग्यतेचा दाखला, आणि त्यानंतर प्रत्येक कर्मचाऱ्याचं लायसन्स. माणसाचा मजकूर आणि यंत्राचा मजकूर वेगवेगळे लिहिले जातात, पण वाचायचे एकत्र. एक कोरा असेल तर दुसरा कितीही भरगच्च असला तरी चाक धावपट्टी सोडत नाही.

नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. व्हीटी-एनएमडी. शेवटची तीन अक्षरं पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या नावांवरून घेतलेली. इतक्या रुक्ष नोंदवहीतही माणसाने कृतज्ञतेला तीन अक्षरांची जागा शोधली. पण नोंदणी म्हणजे नाव. उडायची मुभा नव्हे. 'परमिट टू फ्लाय' आलं ऑक्टोबर २०१९ मध्ये. हा परवाना म्हणजे यंत्राचं विद्यार्थी लायसन्सच. उड्डाणयोग्यतेचा पूर्ण दाखला अजून नाही, पण ठरलेल्या अटींत राहून चाचणी घ्या, असं तो म्हणतो. २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून त्या विमानाने उड्डाण केलं. या कथेत नियम खलनायक आणि माणूस नायक, अशी मांडणी वारंवार झाली. कागदांना वर्षं लागली, ती कमी लागायला हवी होती, हे मान्यच. पण यादव यांनी विमान कागदांवाचून हवेत उचललं नाही. ज्याने आयुष्यभर स्वतःच्या बाराव्या-तेराव्या बाबी पाळल्या, त्याने आपल्या यंत्रालाही त्याच शिस्तीतून नेलं. या गोष्टीतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

या मजकुरात उणिवाही आहेत. चौदा बाबींत कुठेही हे दिसत नाही, की दोनशे तास विकत घ्यायला किती घरांनी जमीन गहाण टाकली. व्यावसायिक लायसन्ससाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असण्याची अट १९९०च्या दशकात आली. कला शाखेत गेलेल्या हुशार मुलाला मग ते विषय बाहेरून द्यावे लागले. आणि विवेक नावाची गोष्ट कुठल्याच रकान्यात बसत नाही. दहा उतरणी मोजता येतात. 'आज नको, परत फिरू' असं म्हणता येणं मोजता येत नाही. ती जागा मजकुराने परीक्षकाच्या नजरेवर सोडली आहे. फेब्रुवारी २०२५ पासून भारतात हे लायसन्स मोबाइलवरही मिळू लागलं. कागद गेला, पण बाबी त्याच आणि मौनाच्या जागाही त्याच.

एवढं असूनही हा मजकूर मला मोठा वाटतो. अनोळखी माणसाच्या हाती जीव द्यायचा, तर त्याच्यावर आंधळेपणाने भरवसा ठेवावा लागतो अशी आपली समजूत असते. या कागदाने भरवशाचे बारीक तुकडे केले: या विमानापुरता, या हवेपुरता, या तारखेपर्यंत, या सहीच्या जबाबदारीवर. प्रत्येक तुकडा वेगळा तपासता येतो, वेगळा काढून घेता येतो, आणि एक निसटला म्हणून बाकीचे रद्द होत नाहीत. 'याला सगळं येतं' असं कुणाबद्दलही न म्हणता अख्खं जग सुखरूप उडवण्याची सोय या चौदा ओळींनी केली.